काळ्याचे सात

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात रंगूबाईला कळून चुकलं, की आपल्या बापाला कुणीतरी चांगलंच बनवलंय.

मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा मुंबईत मोठ्या जिमखान्यात आहे, पांढरी पँट घालतो, साहेब लोकांत ऊठबस आहे. आणि हा हैबती उतेकर रजा संपवून परत निघाला, पोलादपूरच्या स्टँडवर एसटीत चढून खिडकीत बसला, तेव्हा हिनं धीर करून विचारलं, "पर तुमी तिथं काम काय करता?"

"टेबलाला इस्त्री करतो," हैबती म्हणाला, आणि गाडी सुटली.

रंगूबाई तिथंच उभी. शर्टाला इस्त्री करतात, साडीला करतात, हे तिनं महाडच्या बाजारात बघितलं होतं. टेबलाला? तिनं वर्षभर ही गोष्ट माहेरी कळू दिली नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "हायत जिमखान्यात," आणि विषय बदलायची.

बरं, हैबती काही खोटं बोलला नव्हता. खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. त्याची खोड वेगळीच. खरं सांगायला जायचा आणि नेमकं नको तेच टोक पहिलं सांगायचा. त्या जिमखान्यात बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी टेबलं होती. खाली दगडी फरश्या, वर हिरवं लोकरीचं कापड. त्या कापडाला रोज ब्रश मारून इस्त्री करावी लागते, हे शंभर टक्के खरं. पण त्या टेबलावर स्नूकर नावाचा खेळ होतो, हे सांगायचं राहिलं. पंधरा बॉल लाल, सहा रंगीत, एक पांढरा. पांढऱ्याला काठीनं ढोसायचं, त्यानं दुसऱ्याला ढोसायचं, आणि तो दुसरा कडेच्या भोकात पडला की गुण. लालाचा एक, काळ्याचे सात. लाल शिल्लक असेपर्यंत काळा पडला तरी तो उचलून पुन्हा जागेवर ठेवतात. सगळ्यात शेवटी टेबलावर एकटा काळा उरतो, तो पडला की डाव खलास. झालं. सोपं वाटतंय ना? मग या एकदा टेंभवाडीला आणि रंगूबाईशी खेळून बघा!

पण ते पुढं येईलच.

तर हैबती तिथं मार्कर होता. मार्कर म्हणजे साहेबांचा खेळ चालला असताना बाजूला उभं राहायचं, गुण मोजायचे, मोठ्यानं पुकारायचे, पडलेला बॉल भोकातून काढून पुसून जागेवर ठेवायचा. कामाची वेळ संपली की मार्कर लोक आपसात खेळायचे. हैबती असा खेळायचा की बाकीचे मार्कर चहा पिणं विसरायचे. हळूहळू साहेब लोकही त्याला म्हणायला लागले, अरे हैबती, जरा माझ्याबरोबर खेळ, मला सवय होऊ दे. पण जिमखान्यांच्या स्पर्धेत त्याला प्रवेश नाही. का? तर म्हणे खेळायचा पगार घेतो तो व्यावसायिक, आणि स्पर्धा हौशी लोकांची. मग ह्या पगारी लोकांची आपली वेगळी स्पर्धा असायची, भारतभरची. हैबती त्या स्पर्धेत उतरला आणि पहिला आला.

ही बातमी टेंभवाडीला कशी आली, ती ऐका. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या अंगाला असलेल्या ह्या वाडीत तेव्हा फोन नव्हता. पोलादपूरच्या एका दुकानात निरोप आला, दुकानदारानं माणूस धाडला, आणि रंगूबाई लावणी अर्धी टाकून चिखलाच्या पायांनी तिथवर गेली. वाटेत तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते विचारू नका. फोन कानाला लावला तर पलीकडून हैबती ओरडतोय, "रंगू, मी पहिला आलो!"

"कशात?"

"भारतात!"

रंगूबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "बाकीचे किती जण होते?"

तसा हैबती आणखी दोनदा पहिला आला. एकदा विमानात बसून कोलंबोला जाऊन आला. दर वेळी एक चषक आणायचा. रंगूबाईला भांड्याची पारख उत्तम. पहिल्या चषकाला घट्ट बसणारं झाकण होतं, त्यात ती विरजण लावायची. दुसऱ्यात तांदूळ मोजायची, तिसऱ्यात मीठ ठेवायची. कोलंबोचा चषक उंच आणि निमुळता होता, त्याचा उपयोग बरेच दिवस सापडेना. शेवटी त्यात लाटणं, उलथनं आणि पळी उभी राहू लागली. हैबती सणाला घरी आला की जेवता जेवता म्हणायचा, "हा बघ गो, भारताचा कप," आणि त्या कपातलं दही वाढून घ्यायचा.

कोलकात्याचा चषक मात्र घरी आलाच नाही, आणि त्यावरून नवराबायकोत जे वाजलं ते वाडीला अजून आठवतं. अंतिम सामना. हैबती पुढं होता. वाकून नेम धरताना त्याच्या बाहीचं बटण एका बॉलला लागलं. बॉल केसभर हलला. पंचानं बघितलं नाही, समोरच्यानं बघितलं नाही, बघायला आलेल्या लोकांनीही नाही. हैबती सरळ झाला, हात वर केला आणि म्हणाला, "फाऊल. माझा." तिथून डाव फिरला आणि सामना गेला.

गणपतीला आल्यावर त्यानं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. रंगूबाईनं ताट आपटलं. "कुणी बघितलं होतं का?"

"नाय."

"मंग गप का नाय बसलात?"

"मी होतो ना गो तिथं," हैबती म्हणाला.

ती गौरीगणपती जाईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. पण एक मात्र झालं. त्या दिवसापासून कुणी विचारलं, नवरा काय करतो, तर ती विषय बदलेनाशी झाली. ताठ मानेनं सांगायची, "खेळतात."

सगळं खरं, पण तिचा नवरा तिच्याकडे सणासारखा यायचा. शिमग्याला आला, गणपतीला आला, मधले महिने तिचे आणि गुरांचे. शेती तिनं केली, सासू-सासऱ्यांचं तिनं केलं, मुलाला, ओंकारला, तिनं वाढवलं. ओंकार आता महाडला एमआयडीसीत नोकरीला आहे, बायकोमुलांना घेऊन तिथंच राहतो. त्यानं गावात स्लॅबचं घर बांधायला घेतलं, आणि तेवढ्यात हैबती निवृत्त झाला.

एकटा नाही हो आला. जिमखान्यानं नवी टेबलं घेतली, आणि एक जुनं टेबल निरोपाची भेट म्हणून हैबतीला दिलं. लोक घड्याळ देतात, शाल देतात. ह्यांनी ट्रकभर दगड दिला! त्या टेबलाच्या पाच फरश्या रस्त्यापासून घरापर्यंत आणायला अख्खी वाडी लागली. जड ओझं खांद्यावर घेऊन तालात चालायची सवय म्हणजे पालखीची, त्यामुळं पोरांनी फरश्याही तशाच आणल्या. हैबती मागून ओरडतोय, "नाचवू नका रे, नाचवू नका!"

नव्या घराचा हॉल हैबतीनं टेबलाच्या मापानं बांधून घेतला. म्हणजे हॉलमध्ये टेबल आणि सभोवती काठी मागं खेचण्यापुरती जागा, बस. बसायला खुर्ची नाही, टीव्हीला भिंत नाही. आलेला पाहुणा टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात जायचा. पावसाळ्यात कापड सर्द होऊ नये म्हणून हैबतीनं टेबलाखाली मोठे बल्ब लावले. रंगूबाईनं त्या उबेला ओल्या गोधड्या वाळत घातल्या. उन्हाळ्यात तिनं टेबलावर पापड घातले, तेव्हा त्यानं जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. मग दोघंही दिवसभर फुगून बसली.

आणि एका दुपारी ती नुसती गंमत म्हणून म्हणाली, "आणा बघू ती काठी."

हैबती हसला. हसला आणि फसला! पदर खोचून, एक डोळा मिटून, जीभ ओठांवर धरून रंगूबाईनं पांढऱ्याला जो दणका दिला, त्यात लाल गेला एका भोकात, पांढरा गेला दुसऱ्या भोकात, आणि काठीचं मागचं टोक लागून खिडकीची काच गेली तिसरीकडे. पण तो लाल पडताना जो आवाज झाला ना, तो तिच्या थेट काळजात उतरला. "अगोबाय!" एवढंच म्हणाली, आणि काठी सोडीना.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की दाराला कडी. लोक हसतील म्हणून हो, दुसरं काय! साठीची बाई काठी घेऊन टेबलावर ओणवी झालेली कुणी बघितली तर? आतून नुसतं ठक, ठक, मग बाईचं खिदळणं, मग हैबतीचा आवाज, "अगो हळू, हळू!" शेजारच्या काशीबाईनं, म्हणजे रंगूबाईच्या थोरल्या जाऊबाईनं, चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी पाणवठ्यावर सगळ्या बायकांसमोर विचारलं, "रंगे, दुपारची दारं लावून काय चालतं गो ह्या वयात?" रंगूबाई लाजून लालेलाल झाली आणि हंडा अर्धा भरूनच पळाली. मग काय, बायकांना आणखी काय हवं! पण खरं सांगायचं तर रंगूबाई इतकी खूश आयुष्यात कधी नव्हती. तिला काळा पाडायचा भारी नाद. काळ्याचे सात! हैबती जिमखान्यातल्यासारखा हात मागं बांधून उभा राहायचा, आणि तिनं काळा पाडला की भोकातून काढून, बनियनला पुसून पुन्हा जागेवर ठेवायचा. नवरा घरात आहे, रोज आहे, आणि आपल्यावर नजर ठेवून आहे. ह्या सुखाची तिला सवयच नव्हती.

आता खोडा कुठं पडला, तर शिमग्यात.

टेंभवाडीची सोमजाई शिमग्यात पालखीत बसून घरोघर येते. गेल्या साली ती उतेकरांकडे आली, तर हॉलमध्ये पालखी टेकवायला जागाच नाही. अंगणात पाट मांडून बसवली. त्या पावसाळ्यात घाटात दरड आली, एकाची म्हैस गेली, एकाचं लग्न मोडलं, आणि सगळं बिल फाटलं हैबतीच्या टेबलावर! दरड काय पहिल्यांदा आली होती? पण गावकी बसली. गावकीचा पुढारी श्रीपत, काशीबाईचा नवरा, म्हणजे हैबतीचा सख्खा थोरला भाऊ. तो म्हणाला, "हैबती, देवी उंबऱ्याच्या आत बसली पायजे. शिमग्याच्या आत हॉल मोकळा कर. नायतर पालखी तुझ्या दारावरनं पुढं जाईल." पालखी दारावरून पुढं जाणं म्हणजे काय, हे गावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हैबती गावकीपुढं एकदम गरीब. त्यानं मान हलवली. घाटाच्या वरच्या अंगाला एक हॉटेलवाला होता, त्यानं टेबल मागितलं. वर म्हणाला, टेबलाबरोबर तुम्हीही या, राहायला खोली देतो, पाहुण्यांना दोन डाव खेळून दाखवा. हैबती हो म्हणाला.

"मंग मी?" रंगूबाईनं विचारलं.

"मी सणाला येत जाईन की," तो म्हणाला. "टेबल नसलं तर मी इथं करू काय, रंगू? गुरं राखू?"

मी हाय ना, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण अशी वाक्यं बोलायची सवय नसते हो आपल्या बायांना. ती भांडी घासायला गेली आणि भांड्यांवर राग काढला. पुन्हा सणासारखा नवरा! एकदा रोजच्या नवऱ्याची चव घेतल्यावर हे तिला गिळवेना. आणि भांडी घासता घासता तिला हैबतीनंच शिकवलेली गोष्ट आठवली. काळा पडल्याशिवाय डाव संपत नाही.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी तिनं काळा बॉल उचलला. ओरखडा उमटू नये म्हणून नव्या कोऱ्या लाल खणात गुंडाळला, आणि अंगणाच्या कोपऱ्यात अबोलीच्या वाफ्याशेजारी पुरून टाकला.

हॉटेलवाला आला, बॉल मोजले, आणि काळा नाही म्हटल्यावर टेम्पो रिकामा परत घेऊन गेला. म्हणाला, तसा जुना बॉल आता मिळत नाही, शिमगा झाल्यावर येतो, तोवर शोधून ठेवा. मग काय तो शोध! हैबतीनं तांदळाची कोठी उपसली, गाद्या झटकल्या, विरजणात हात घातला. रंगूबाई त्याच्याहून जास्त शोधत होती. माळ्यावर चढून उंदरांना शिव्या देत होती. "मेल्यांनो, काळाच सापडला का रे तुमाला?"

पण टेबल हललं नाही, म्हणजे हॉल मोकळा झाला नाही, आणि पालखी तर उद्यावर आली. ह्याचा विचार तिनं केलाच नव्हता. आता नवरा राहिला तर देवी जाते, आणि देवी आली तर नवरा जातो.

टेंभवाडीत पालखी घरोघर निघायच्या आधी खूण काढते. श्रीपत पहाटे कुणाला न सांगता वाडीत कुठंतरी नारळ पुरतो. मग पालखी खांद्यावर घेऊन पोरं निघतात, आणि देवी ओढेल तिकडं जातात. जिथं पालखी वाकते तिथं उकरायचं. ज्याच्या हद्दीत खूण निघते, त्याच्या घरी पालखीनं पहिलं बसायचं. हा नेम मोडायचा अधिकार गावकीलाही नाही.

त्या दिवशी ढोल लागला, पालखी सुटली. माळावर फिरली, विहिरीकडं गेली, परत आली. पुढच्या खांद्याला प्रितम होता, श्रीपतचा नातू, मुंबईहून रजा टाकून आलेला. रंगूबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. दारावरून जाईल तेवढ्यात लांबून ओवाळू, एवढीच तिची इच्छा. पालखी घरासमोर आली. आणि प्रितमला फाटकातून अंगणाच्या कोपऱ्यातली ताजी उकरलेली माती दिसली!

आता देवीनं ओढलं की प्रितमनं वळवलं, हे सोमजाईलाच ठाऊक. रंगूबाईला विचाराल तर ती देवीचंच नाव घेते. पालखी गर्रकन वळली, फाटक ढकलून आत घुसली आणि अबोलीच्या वाफ्याशेजारी सरळ वाकली.

श्रीपतचा चेहरा बघण्यासारखा झाला. नारळ त्यानं शाळेमागं हिरड्याच्या झाडाखाली पुरला होता. पण खूण निघेपर्यंत पुरणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हाही नेमच. तो नुसता तोंडाचा आ करून उभा.

चांगू गुरवानं हातानं माती उकरली. आतून निघाला कोरा लाल खण. गर्दी पुढं सरकली. चांगूनं खण उलगडला, आणि आत काळाभोर, वाटोळा, उन्हात लखलखणारा...

"शाळिग्राम!" चांगू ओरडला.

झालं! "स्वयंभू गो बाय, स्वयंभू!" "उतेकरांच्या अंगणात देव निघाला!" ढोलवाले तर पेटलेच. काशीबाईनं चपला भिरकावून धाव घेतली आणि काळ्या बॉलला हळदकुंकू वाहिलं. कुणी नारळ फोडला, कुणी गुलाल उधळला, पोरांनी मोबाईल काढून वाडीच्या चाकरमान्यांच्या मुंबईतल्या मंडळाला व्हिडिओ पाठवले. श्रीपत मटकन ओट्याच्या पायरीवर बसला. त्यानं पुरलेला नारळ देवीनं इकडं आणला, आणि त्याचा देव केला! त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

हैबती दारातच उभा होता. उन्हातल्या त्या बॉलकडं त्यानं एकदाच बघितलं. जन्मभर हातांनी पुसलेला बॉल, ओळखायला किती वेळ लागणार? मग त्यानं रंगूबाईकडं बघितलं. रंगूबाई जमिनीकडं बघत होती. तिला वाटलं, संपलं. आता ह्या माणसाचा हात वर जाणार. कोलकात्याला गेला तसा. स्वतःचा चषक सोडणारा माणूस बायकोची चूक कशाला झाकेल?

हात उठलाच होता. छातीपर्यंत आला. आणि तिथं थांबला. हैबतीनं तो हात खाली घेतला आणि लेंग्याच्या खिशात घातला, आणि नजर आंब्याच्या झाडाकडं वळवली.

रंगूबाईनं ते बघितलं. अख्ख्या भारतापुढं ज्यानं आपला फाऊल लपवला नाही, तो तिचा फाऊल खिशात घालून उभा होता, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिला वाटलं, आपण ह्याच्याकडनं हे काय करून घेतोय? आणि तिच्या मनात माया दाटून आली. तिनं ताट खाली ठेवलं. उजवा हात डोक्यावर उंच धरला.

"फाऊल!"

ढोल थांबला.

"काय झालं गो?" काशीबाई म्हणाली.

"फाऊल. माझा," रंगूबाई म्हणाली. "तो देव नाय. ह्यांच्या टेबलावरचा काळा हाय. मी पुरला. टेबल गेलं तर ह्ये पण जातील, म्हणून पुरला. सारा जन्म मी सणाची वाट बघून काढला, आता मला ह्ये रोज पायजेत. देवीनं मला काय शिक्षा करायची ती करावी."

हातातला देव ठेवावा की टाकावा, चांगूला कळेना. आणि पायरीवरून श्रीपत, डोळे पुसत, केवढ्या तरी सुटकेनं म्हणाला, "म्हंजी माझा नारळ... नारळच हाय?"

पहिली फुटली काशीबाई. पोट धरून हसायला लागली. "आणि दुपारची दारं लावून हे खेळत होतात व्हय गो तुमी! आणि आमी काय काय समजलो!" मग बायका हसल्या, पोरं हसली, ढोलवाला ढोलावर डोकं टेकवून हसला. हैबती हसेना. तो रंगूबाईकडं बघत होता, तिला आज पहिल्यांदा बघितल्यासारखा.

श्रीपतला आपण गावकीचे पुढारी आहोत हे उशिरा आठवलं. तो उठला. "पर ही खोटी खूण झाली. ह्याचा विचार..."

"आजा, खांदा मोडला माझा," प्रितम कळवळून म्हणाला. "पालखी वाकली ती इथंच. नेम हाय ना? लवकर सांगा, कुठं टेकू? गेल्या सालासारखी अंगणात टेकू?"

अंगण म्हटल्यावर सगळेच शहारले. दरड आठवली, म्हैस आठवली.

"आत आणा," हैबती म्हणाला. "टेबलावर."

तो पुढं धावला आणि टेबलावरचं आच्छादन ओढून काढलं. रंगूबाई मागोमाग गेली. "सतरंजी टाकू का खाली?" तिनं हळूच विचारलं. पापडावरून झालेलं भांडण ती विसरली नव्हती.

"कशाला? सकाळीच इस्त्री केलीय," हैबती म्हणाला.

पालखी टेबलावर बसली. अशी ऐसपैस बैठक सोमजाईला वाडीत कुठंच मिळाली नव्हती. बायका चारी बाजूंनी ओट्या भरायला उभ्या राहिल्या, खाली वाकायला नको, गुडघे दुखायला नकोत. हिरव्या कापडावर गुलाल सांडला, तांदूळ सांडले, नारळाचं पाणी सांडलं. हैबती हात मागं बांधून भिंतीला टेकून उभा होता आणि एका शब्दानं काही म्हणाला नाही. श्रीपतनं टेबलाला हात लावून नमस्कार केला. "गेल्या सालीच हे सुचलं असतं तर?" तो म्हणाला, आणि मग नारळ आणायला शाळेमागं गेला.

शिमगा संपल्यावर हॉटेलवाल्याचा फोन आला. काळा सापडला का?

"सापडला," हैबती म्हणाला. "पर टेबल नाय मिळायचं. देवीची बैठक झालीय ती."

पलीकडून तो म्हणाला, मग तुम्ही तरी या, टेबल मी दुसरं घेतो. रंगूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातली पळी तशीच राहिली होती.

"मला सवड नाय," हैबती म्हणाला. "मी मार्कर हाय इथं."

दुपारी जेवणं झाली. रंगूबाई सवयीनं कडी घालायला गेली, तर हैबती म्हणाला, "राहू दे उघडं." ओट्यावर काशीबाई चार बायका घेऊन आधीच येऊन बसली होती. कापडावर जागोजाग गुलालाचे डाग. काळ्यावर हळदकुंकू वाहिलेलं, ते पुसायचं धाडस कुणाचं होईना. रंगूबाईनं पदर खोचला. एक लाल पाडला. मग वाकली, एक डोळा मिटला, आणि काळा कोपऱ्यात घातला.

हैबतीनं पाठ सरळ केली, आणि साहेब लोकांसाठी जन्मभर जो आवाज काढला, त्याच आवाजात सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं पुकारलं, "रंगूबाई उतेकर, काळ्याचे सात!"

मग टेबलाला वळसा घालून त्यानं भोकातून काळा काढला, हळदकुंकू सांभाळून बनियनला पुसला, आणि पुन्हा जागेवर ठेवला. टेबलावर लाल अजून भरपूर होते.